वॉकची पिशवी

९ जानेवारी २००१

ही डायरी पायलच्या ऑफिसात वाटली. छत्तीसगढची राजधानी झाल्यापासून ऑफिसंच ऑफिसं उघडून राहिले रायपुरात, अन् त्यातल्याच एकात आमची पोट्टी कम्प्यूटरवर बसते. म्हणाली, "आई, इसमें रोज लिखना, बाबा कितना चले. डॉक्टर मैडम ने बोला है." मी मराठीतून लिहीन. पोरीले मराठी समजते सारी, पण उत्तर हिंदीतून देते, अन् माझं अक्षर वाचायचं म्हटलं की तिचं डोकं दुखते. तेव्हा मनातलं लिहायले मोकळीक आहे.

काल समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाईकडं गेलो होतो. डिसेंबरात यायले, पायलच्या बाबाले, अटॅक आला, त्याच्यानंतरची ही दुसरी खेप. दवाखाना वरच्या माळ्यावर. हृदयाचा दवाखाना अन् वर चढून जायचं, धन्य आहे बाप्पा! हे सावकाश चढले. मी मागून पिशवी, रिपोर्ट, पाण्याची बाटली घेऊन चढली अन् वर गेल्यावर खुर्चीत धपकन बसली. तोंडातून शब्द निघेना. डॉक्टरीणबाईनं यायले सोडून माझ्याकडंच पाहिलं. म्हणाली, "माताजी, आप भी जाँच करवा लीजिए." मी म्हटलं, "मले काय झालं? जिना उभा आहे तुमचा." तरी तिनं माझ्या हाताले तो बीपीचा पट्टा बांधलाच. काय आकडा निघाला तो इंग्रजीत लिहून ठेवला.

मंग यायले म्हणाली की औषधं अर्धं काम करतात, अर्धं काम वॉक करतो. रोज वॉक पाहिजे. नाहीतर दुसरा अटॅक सांगून येत नाही. मले खाली औषधं आणायले धाडलं. हे लय वेळानं उतरले. मी विचारलं, "काय बोलत होती इतका वेळ?"

"काई नाई. वॉकचंच."

११ जानेवारी

चालले नाहीत.

१२ जानेवारी

आजही नाही. भिंतीकडं तोंड करून खाटेवर पडले राहतात. ज्या माणसानं जिंदगीभर रेल्वेत कीमनची नोकरी केली, तो माणूस! कीमन म्हणजे काय ते लिहून ठेवते, पुढं नातवंडायले समजायले पाहिजे. रोज पायटी, उजाडता उजाडता, खांद्यावर हातोडा घेऊन रुळावरून चालत जायचं. रूळ लाकडाले धरून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची. जितका पट्टा वाट्याले आला तितका जाऊन परत यायचं. ऊन असो, पाणी असो. यायचा पट्टा लांबच्या लांब होता, तरी घरी येऊन कधी म्हणाले नाहीत की पाय दुखले.

आज मी म्हटलं, "अवो, उठा, वॉकले जा."

"कुठं जाऊ?"

"कुठं म्हणजे? वॉकले."

"अवं पन कुठं? गाडी पकडाची का? कोनी बलावलं का? कामाबिगर चालनारा मानूस म्या एकच पाहिला, टेशनावरचा येडा."

खरं सांगायचं म्हणजे मलेही तो वॉक समजला नव्हता.

१४ जानेवारी

तिळाचे लाडू केले. यायले एकच दिला.

शेजारच्या शेवंताले विचारलं वॉक म्हणजे नेमकं काय. ती माझ्याहून हुशार, दूरदर्शनवर सारं पाहते. म्हणाली, "दीदी, समोरच्या गल्लीत भोपाळहून ते साहेब आले न, ते कुत्र्याले घेऊन फिरते, तो वॉक." मी म्हटलं, आमच्याकडं कुत्रं नाही. म्हणाली, "त मंग पांढरे बूट पाहिजे." बूटही नाहीत. शेवंताचा नवरा पांडुरंग आतून ओरडला, "वॉक मंजे पोट कमी कराचं!" त्याचं स्वतःचं पोट दाराच्या आधी बाहेर येते.

पायलले विचारलं त म्हणाली, "आई, वॉक मतलब वॉक."

घ्या! ही कम्प्यूटरवाली.

दुपारी भांडे घासता घासता मी इचार केला. मी त जन्मभर चालली. नळावर, गोल बाजारात, विहारात, पोरीच्या शाळेत. त्याले कोणी वॉक म्हटलं नाही. कारण मी कुठं तरी जात होती. म्हणजे वॉक ते, जे कुठंच न जाता चालणं. जिथून निघाले तिथंच परत. हे पैशावाल्या लोकायचं काम आहे. पण डॉक्टरनं गरिबाले सांगतलं त गरिबानं काय करायचं? दुसरा अटॅक सांगून येत नाही म्हणे. मी रोज पायटी उठून आधी यायची छाती वर-खाली होते का ते पाहते. हे कोणाले सांगत नाही.

१६ जानेवारी

नवल झालं! आज चहा पिता पिता हेच म्हणाले, "जातो म्या वॉकले. पन एकटा नाई जात."

"मंग पांडुरंगले घेऊन जा."

"पांडुरंग काहून? तू चाल."

"मी? माझ्या घरचं काम कोण करन? अटॅक मले आला का?"

"तू चालशील त जातो. नाई त राहू दे."

असा हट्टी माणूस! लहान लेकरासारखं. पण मी म्हटलं, जाऊ दे, निदान उठला त खरा. उद्यापासून जाऊ.

१७ जानेवारी

गेलो. अन् गल्लीच्या तोंडाशीच फजिती झाली.

शेवंतानं दारातून विचारलं, "कुठं निघाल्या दीदी?" माझी सासू सांगे, निघताना कोणी कुठं विचारलं की काम होत नाही. बाबासाहेबायनं आम्हाले हे सारे खुळ सोडायले सांगतले, मी सोडलेही, पण सासूनं लावलेलं मुरते अंगात. त्यातून उत्तर काय द्यायचं? "कुठंच नाही" म्हटलं त वाटते लपवून राहिली. "वॉकले" म्हणायची शरम वाटली. मी म्हणून टाकलं, "भाजी आणाले." अन् हातात पिशवी नाही! पळत घरात गेली, पिशवी आणली. मंग भाजी घेणं आलंच. बुढा तालाबापर्यंत गेलो अन् कोथिंबीर घेऊन आलो.

दुसरी गोष्ट. मी आपली सवयीनं मागून चालत होती. हे थांबले. "बाजूनं चाल."

"लोक काय म्हणतीन?"

"मांगं राहिली त मले दिसत नाई."

आता मले काय पाहायचं आहे यायले? लग्नाले तीस वर्षं होऊन गेले. तरी बाजूनं चालली. कोणाकडं पाहायची हिंमत झाली नाही.

२१ जानेवारी

घरात कोथिंबीरच कोथिंबीर. वडी केली, चटणी केली, आज शेवंताले दिली. पायल म्हणते, "आई, अब कुछ और खरीदो." पण पिशवी हाती असली की जिवाले बरं वाटते. पिशवी आहे म्हणजे काम आहे. मंग कोणी काही विचारत नाही.

२५ जानेवारी

आता तालाबाच्या काठावरून जातो. यायची जुनी खोड वर आली आहे. चालता चालता थांबतात, खाली वाकतात, फरशी हलते का ते हातानं पाहतात, नालीच्या झाकणावर टाच मारतात. अन् मले म्हणतात, "उभी राहा जरा. हे पाहू दे."

एकदा नाही, चारदा! पिंपळाजवळ एक, विजेच्या खांबाजवळ एक, घाटाच्या पायरीवर एक, अन् चढ संपते तिथं एक. मी म्हटलं, "अवो, नगरपालिकेनं नेमलं का तुमाले?" म्हणाले, "सैल दिसलं त पाहाव लागते. हात सैल सोडून उभी राहा. लांब श्वास घे, हवा चांगली आहे." मी आपली उभी राहून श्वास घेत राहते. दुसरं करणार काय? म्हणतात न, आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून. इथं त साऱ्या गावाच्या नाल्या वाकून पाहणं चाललं आहे.

पण आज जेवताना यायनं दुसरी पोळी मागितली. डिसेंबरपासून पहिल्यांदा.

३ फेब्रुवारी

गुडघे दुखतात. लिहायले बसवत नाही. आठ दिवस लिहिलं नाही, पण चाललो रोज.

८ फेब्रुवारी

आज म्हटलं मी नाही येत, माझे गुडघे ठणकून राहिले. हे चप्पल काढून परत खाटेवर बसले. तोंड भिंतीकडं. मले इतका राग आला! म्हटलं, "माझ्या भरवशावर जगता का तुम्ही?"

म्हणाले, "हव."

छत्तीसगढीतला हव, म्हणजे हो. गुडघ्याले तेल चोळलं अन् निघाली. यायनं घाटाच्या पायरीवर इतका वेळ लावला की मी बसूनच घेतलं. पायरीचा एक दगड हलते म्हणे. मी बसली होती तो दगड त जागचा हलला नाही.

१७ फेब्रुवारी

नवीन भानगड. नत्थू दलाल म्हणून एक आहे, जमिनीचे सौदे करते. राजधानी झाली तेव्हापासून ज्याच्यापासी सायकल होती तोही दलाल झाला. त्यानं यायले वाकून जमीन ठोकताना पाहिलं. लागला मागं. "काका, जय भीम! इधर कुछ आने वाला है क्या?"

हे म्हणाले, "क्या आएगा?"

"अरे काका, आपकी बिटिया सरकारी ऑफिस में है. आप रोज आके जमीन देख रहे हो. मैं समझता नहीं हूँ क्या?"

मी म्हटलं, "भैया, हम लोग वॉक पे आए हैं." पहिल्यांदाच तोंडातून तो शब्द निघाला, अन् निघाला त या माणसासमोर! नत्थू हसला. माझ्या हातातल्या पिशवीकडं बोट दाखवून म्हणे, "वॉक पे थैला लेके कौन जाता है, काकी? इसमें नक्शा है क्या?"

पिशवीत मेथी होती. दाखवली. तरी त्याले पटलं नाही.

२२ फेब्रुवारी

नत्थू रोज येते. वीसेक पावलं मागं राहते. हे थांबले की तो थांबते, हे वाकले की तो मान लांब करते. आम्ही निघून गेलो की त्या जाग्यावर जाऊन तोही टाच मारून पाहते. यायले हसू आवरेना. मी यायले हसताना किती दिवसानं पाहिलं! आवाज नाही केला, खांदे हलले नुसते. मी तोंडावर पदर घेतला. घरी येईपर्यंत आम्ही दोघं हसत होतो. शेवंतानं विचारलं, "काय झालं वं दीदी?" मी मेथीची जुडी तिच्या हाती दिली.

आज थांबणं तीनदाच झालं. विजेच्या खांबाजवळची फरशी दुरुस्त केली वाटते कोणी.

१० मार्च

रंग होता. तरी पायटी जाऊन आलो, पोट्टे रंग खेळायले निघायच्या आधी. रस्त्यावर आम्ही दोघं, कुत्रे, अन् भोपाळवाला साहेब त्याच्या कुत्र्यासंग. साहेब म्हणाला, "गुड मॉर्निंग! रोज वॉक? बहुत बढ़िया." हे म्हणाले, "रोज ड्यूटी." साहेबाले समजलं नाही, तरी हसला.

माझ्या मनात आलं, या माणसाले बिचाऱ्याले बोलायले कोणी नाही, बायको-लेकरं भोपाळातच. म्हणून कुत्र्याले घेऊन फिरते. वॉक म्हणजे हेही असन. उद्या चिवडा देईन डब्यात.

१९ मार्च

पायलचं स्थळ आलं. पोरगा दुर्गचा, रेल्वेतच, साधा दिसते. पाहायले येऊ म्हणतात. यायनं आज चालताना तोच विषय काढला. घरात आम्ही असं बोलत नाही. घरात पायल असते, टीव्ही असते, मी चुलीपासी अन् हे खाटेवर. मी विचारलं, "तुम्हाले काय वाटते?"

"तुले काय वाटते, ते सांग आधी."

तीस वर्षांत आधी माझं विचारलं असं मले आठवत नाही. मी बोलत राहिली अन् बोलता बोलता चढ संपला. वर गेल्यावर ध्यानात आलं, आज मधात थांबलोच नाही. यायनं नुसतं माझ्याकडं पाहिलं एकदा. मले वाटलं नाकाले काही लागलं, म्हणून पुसून घेतलं.

२ एप्रिल

समता कॉलोनीत जाऊन आलो. डॉक्टरीणबाई खूश. यायचं वजन उतरलं, रिपोर्ट चांगला. मंग पुन्हा माझ्या हाताले पट्टा. आकडा पाहून ती यायच्याकडं पाहून हसली. "बाबाजी, आपने तो कमाल कर दिया." माझा पट्टा अन् शाबासकी यायले! मी म्हटलं, "मॅडम, चालली मी पण आहे." म्हणाली, "हाँ माताजी, वही तो."

डॉक्टर लोकायचं बोलणं अर्धंच समजते.

जिना मात्र आज कमी उभा वाटला. रंग दिला वाटते भिंतीले, उजेड आहे आता.

१४ एप्रिल

जय भीम! जयंती.

दर वर्षी हे मिरवणुकीत निळा झेंडा घेऊन पुढं राहत. यंदा मी म्हटलं होतं, नुसते विहारात बसा, वंदना करा, खीर घ्या. पण बँड वाजला अन् हे उठले. इतकी गर्दी, हे ऊन, अन् नाचणारे पोट्टे! मी यायच्या बाजूनंच राहिली. बाजूनं चालायची आता सवय झाली. लोकायनं जागा दिली. झेंडा यायनं थोडाच वेळ धरला, मंग पांडुरंगच्या हाती दिला. पण तितका वेळ छाती कशी ताठ होती! मले रडू आलं. शेवंताले वाटलं धूळ गेली.

आजचं चालणं वॉक नाही. आज कुठं तरी जात होतो.

२३ एप्रिल

नत्थू आज आमच्यासंग चालला, मागून नाही. म्हणे, "काका, सच बताऊँ? जमीन का तो कुछ नहीं मिला. पर मेरा शुगर उतर गया." हे म्हणाले, "आता उद्यापासून पुढं चाल. मांगं राहून मानूस शिकत नाई."

उन्हाळा लागला. आता अंधार फिटायच्या आधीच निघतो. थांबणं आता पिंपळाजवळचं एकच उरलं. तिथली फरशी मेली कधी पक्की होणार कोण जाणे. वाकतात, हात लावतात, "उभी राहा जरा" म्हणतात. मी उभी राहते. मले आता तिथं उभं राहायले चांगलंही वाटते. तालाबावर बगळे येतात.

७ मे

आज बुद्ध पौर्णिमा. सारं आजच लिहीन. उद्यावर टाकलं त मनातलं जाईन निघून.

विहारात खीर करायचं काम माझ्याकडं होतं. म्हणून काल मी यायले म्हटलं, उद्या माझ्यासाठी वॉक मोडू नका, एकटे जाऊन या, मंग तिकडंच विहारात या. भेव होतं की नाही जाणार. पण म्हणाले, "बरं. एक दिवस जातो."

खीर घरी शिजवून मोठ्या गंजात भरली. पायलनं सायकलरिक्षा आणली. गंज मधात, आम्ही दोघी दोन बाजूनं धरून. रिक्षा तालाबाच्या काठच्या रस्त्यानं निघाली, अन् पलीकडून हे येताना दिसले.

मी म्हटलं, "भैया, रोको."

पायल म्हणाली, "क्या हुआ आई?"

मी पलीकडं बोट दाखवलं.

हे चालत होते. पांढरा सदरा, हात मागं. आमचं लग्न झालं तेव्हापासून मी हे चालणं ओळखते. रुळावरच्या माणसाचं चालणं असते, एकसारखं. तसे चालत होते. घाटाच्या पायरीवरून आले, थांबले नाहीत. विजेच्या खांबाजवळून आले, तिकडं मान पण नाही वळवली. चढ चढले. दम नाही, काही नाही. मले वाटलं आता पिंपळाजवळ थांबतीन. पिंपळाजवळची फरशी त नक्की पाहतीन. ती सैल आहे न!

तिच्यावर पाय देऊन निघून गेले.

मी रिक्षात बसून पाहत राहिली. अन् मले ते चारही जागे दिसायले लागले. पिंपळ, जिथं जानेवारीत माझ्या छातीत कळ येई. खांब, जिथं डोळ्यापुढं अंधारी येई. पायरी, जिथं गुडघे बसून जात. चढाचं टोक, जिथं माझ्या तोंडाले कोरड पडे. मी कोणाले सांगतलं नव्हतं. पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेई फक्त. अन् ते दर वेळी बरोबर तिथंच "उभी राहा जरा, हे पाहू दे" म्हणत.

माझा दम कमी झाला तसं एकेक ठिकाण दुरुस्त होत गेलं. मी येडी म्हणत होती, नगरपालिकेनं केलं!

डॉक्टरीणबाई मले खाली धाडून काय बोलली असन, ते मले आज रिक्षात समजलं. अन् "तू चालशील त जातो" हा यायचा हट्टही समजला.

पायल विचारत होती, "आई, रो क्यों रही हो? बाबा तो ठीक चल रहे हैं!"

मी म्हटलं, "हो न. लय ठीक चालून राहिले."

"तो फिर?"

"खीर सांभाळ. सांडन."

विहारात हे आले तेव्हा मी वाढत होती. त्यायच्या वाटीत पाहून पाहून खीर वाढली, साखर कमी जावी म्हणून वरून दूध घातलं. विचारलं फक्त, "झाला का वॉक?"

"झाला. पन सपक लागला."

८ मे

पायटी उठली. हे चप्पल घालून उभे होते. मी दार ओढून घेतलं अन् निघाली. गल्लीच्या तोंडाशी हे थांबले.

"अवं, पिशवी?"

"राहू द्या."

शेवंता दारात सडा टाकून राहिली होती. "कुठं निघाल्या दीदी?"

"वॉकले," मी म्हटलं. चांगलं मोठ्यानं.

"दोघंही?"

"दोघंही. तूही ये उद्या, पांडुरंगले घेऊन."

तालाबावर वारं होतं. नत्थू पुढं गेलेला, भोपाळवाले साहेब पलीकडच्या काठानं, त्यायच्या कुत्र्यानं मले ओळखून शेपटी हलवली. पिंपळ आला. हे वाकले. हात फरशीकडं गेला.

मी म्हटलं, "चला. पक्की आहे ती."

हे तसेच वाकलेले राहिले. मान वर करून माझ्याकडं पाहिलं. लेकरू चोरी करताना सापडलं की पाहते तसं.

"तुले काय मालूम?"

"काल पाहिलं. रिक्षातून."

उभे राहिले. हात सदऱ्याले पुसले. मंग म्हणाले, "डॉक्टरीन म्हने, तुई तब्येत माह्याहून खराब होती. तुले सांगतलं असतं त तू चालली असती का?"

"नसती. मले टाइम नव्हता."

"मंग?"

मंग काय? मी यायचा हात धरला. रस्त्यात, उजेडात, लोकायसमोर. आता कोणाले काय वाटायचं ते वाटो.

थोडं चाललो. हे म्हणाले, "आता फरश्या साऱ्या पक्क्या झाल्या. थांबाव वाटलं त कारन काय सांगाचं?"

मी म्हटलं, "कारण कायले पाहिजे? वॉक आहे."